रूप, बोलणे आणि किशोरवयीन मुले : घरातील भाषेचा विचार

६.१ प्रास्ताविक



भाषा आणि समाज यांच्या परस्परसंबंधाचा विचार आपण मागील घटकात केला. बोली, जात, व्यवसाय, प्रदेश यांच्यामुळे भाषेत पडणारा फरक आपण पाहिला. या घटकात तोच संबंध आपल्याला घराच्या उंबरठ्याच्या आत पाहायचा आहे. विषय आहे किशोरवयीन मुलामुलींच्या दिसण्याविषयी आपण घरात जे बोलतो त्याचा.

हा विषय मराठीच्या अभ्यासक्रमात कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर एका प्रसंगातून देतो. एका रविवारच्या संपर्क सत्रात अर्थपरिवर्तनाविषयी चर्चा चालू होती. चाळिशीच्या एक विद्यार्थिनी सत्र संपल्यावर थांबल्या. त्यांची मुलगी नववीत होती. नात्यातल्या एका लग्नाला येण्यास तिने साफ नकार दिला होता. आईने फार आग्रह केला, तेव्हा मुलगी म्हणाली, "तिथे सगळे माझ्या रंगावर बोलतात." आईने समजूत घातली, "लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये." त्यावर मुलगी म्हणाली, "आई, मला पहिल्यांदा काळी तूच म्हणालीस." त्या बाई मुलीला लहानपणापासून लाडाने 'काळू' म्हणत असत. स्वतः त्याही सावळ्याच. "त्यात माझ्या मनात काहीच वाईट नव्हतं हो," असे त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या.

त्यांच्या मनात काही वाईट नव्हते, हे खरेच आहे. तरीही मुलीला जे लागले तेही खरे आहे. बोलणाऱ्याचा हेतू आणि ऐकणाऱ्यावर होणारा परिणाम यांत एवढे अंतर का पडते, हा भाषाविज्ञानाचा प्रश्न आहे. आपल्यापैकी अनेक जण पालकही आहेत. त्यांच्यासाठी तो रोजच्या जगण्याचाही प्रश्न आहे.

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणास पुढील गोष्टी करता येतील :

• किशोरवयात दिसण्याला एवढे महत्त्व का येते, हे सांगता येईल.
• रूपाविषयीच्या मराठी शब्दांत आणि वाक्यरचनांत दडलेली गृहीतके ओळखता येतील.
• वर्णन करणारे वाक्य आणि कृती घडवणारे वाक्य यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• शरीराची निगा आणि रूपाचा निवाडा यांत भेद करून घरातील संवादाचा विचार करता येईल.

६.२ किशोरवय आणि आरसा

जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरवय मानते. यौवनारंभाची शारीरिक लक्षणे मुलींमध्ये साधारणपणे ८ ते १३ आणि मुलग्यांमध्ये ९ ते १४ या वयात दिसू लागतात. एकाच वर्गातील दोन मुलांच्या वाढीत चार-पाच वर्षांचे अंतर असू शकते, ते यामुळेच. एकाला मिसरूड फुटलेले असते, तर शेजारच्या बाकावरील मुलाचा आवाजही फुटलेला नसतो. दोघेही निरोगी असतात. दोघांनाही आपल्यात काहीतरी बिघडले आहे असे वाटत असते.

या वयात संप्रेरकांच्या प्रभावाने त्वचेतील तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात, रंध्रे बुजतात आणि मुरमे येतात. हा अस्वच्छतेचा परिणाम नव्हे. चेहरा घासघासून धुतल्याने मुरमे कमी होत नाहीत. उलट त्वचेचा दाह वाढतो. मुलींच्या ओठांवर, हातापायांवर लव दिसू लागते. हीसुद्धा वाढीचीच खूण असते.

शरीर बदलते त्याच काळात मनही एक नवी शक्ती मिळवते. दुसरा आपल्याविषयी काय विचार करीत असेल, याची कल्पना करण्याची ती शक्ती होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ साली या संदर्भात 'काल्पनिक प्रेक्षक' ही संकल्पना मांडली. सर्वांचे डोळे आपल्यावरच खिळलेले आहेत, अशा समजुतीने किशोरवयीन मूल वावरत असते. नाकावरचा एक मुरूम संपूर्ण शाळेने पाहिला आहे, याविषयी त्याच्या मनात शंका नसते. त्याआधी १९०२ मध्ये समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी म्हटले होते की, माणसाची स्वतःविषयीची प्रतिमा दुसऱ्यांच्या आरशात घडते. आपण त्यांना कसे दिसत असू आणि ते आपल्याविषयी काय मत करीत असतील, या कल्पनेतून 'मी' आकाराला येतो.

येथे पालकांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मुलाच्या आयुष्यातील पहिला आरसा भिंतीवरचा नसतो. आई, वडील, आजी, आत्या, काका यांच्या तोंडचे शब्द हाच तो आरसा होय.

६.३ रूपाचा सामाजिक दाब : कालचा आणि आजचा

माणसाने कसे दिसावे हे समाजाने ठरवणे, ही गोष्ट नवी नाही. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात शेंडी, पागोटे, पोशाख आणि केस यांवर धर्माची व जातीची सत्ता होती. त्या सत्तेचे सर्वांत क्रूर रूप म्हणजे विधवांचे सक्तीचे केशवपन. सुधारकांनी त्याविरुद्ध लेखणी झिजवली. १८९० साली मुंबईत नाभिक समाजातील लोकांनी सभा घेऊन विधवांच्या डोक्यावरून वस्तरा फिरवण्यास नकार दिला. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. १८८८ मध्ये सुरू झालेल्या 'सुधारक' पत्रातून गोपाळ गणेश आगरकरांनी स्त्रियांच्या पोशाखासारख्या विषयावरही लिहिले. केस आणि कपडे हे क्षुल्लक विषय नाहीत; त्यांतून माणसावरची मालकी व्यक्त होते, हे त्या पिढीने ओळखले होते.

आज ती सत्ता बाजाराकडे आणि पडद्याकडे गेली आहे. १९७५ मध्ये भारतात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या मलमाने पुढील काही दशके गोरेपणा आणि यश यांची सांगड घातली. २०१४ मध्ये जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने, त्वचेच्या रंगावरून कोणालाही कमी लेखणाऱ्या जाहिराती करू नयेत, अशी मार्गदर्शक तत्त्वे दिली. २०२० मध्ये त्या मलमाच्या नावातील 'फेअर' शब्द जाऊन तेथे 'ग्लो' आला. भाषेचे विद्यार्थी म्हणून आपण या बदलाकडे बारकाईने पाहावे. 'गोरेपणा'ऐवजी 'उजळपणा', 'तेज', 'चमक' असे शब्द आले, म्हणजे मूळ कल्पना गेली असे होत नाही. मराठीत तर 'उजळ' हा शब्द फार पूर्वीपासून 'गोरा' या अर्थाने सौम्यपणे वापरला जात आहेच.

आणखी एक फरक असा की, पूर्वी मुलाची तुलना वाड्यातल्या, आळीतल्या, वर्गातल्या मुलांशी होत असे. आज ती हजारो छायाचित्रांशी होते. आणि त्यांतील अनेक चेहरे फिल्टर लावून गुळगुळीत केलेले असतात. इन्स्टाग्रामसारख्या माध्यमावर खाते उघडण्यासाठी किमान १३ वर्षे वयाची अट आहे. म्हणजे काल्पनिक प्रेक्षकाची जाणीव सर्वाधिक तीव्र असते, त्याच वयात मुलाच्या हाती खरे प्रेक्षक येतात आणि किती जणांना आपला चेहरा आवडला याचा आकडाही येतो. मुलगे यातून सुटलेले नाहीत. उंची, दंड, दाढी, केसांची ठेवण यांची चिंता त्यांनाही पोखरते. मात्र ती बोलून दाखवण्याची मुभा त्यांना कमी असते.

६.४ रूपाची मराठी शब्दकळा

आता आपण या घटकाच्या मुख्य भागाकडे वळू. रूपाविषयी बोलताना मराठी माणूस कोणते शब्द आणि कोणत्या रचना वापरतो?

(अ) डावे-उजवे : 'दिसायला उजवी', 'रंगाने जरा डावी' हे प्रयोग आपण ऐकले असतील. उजवा हात श्रेष्ठ आणि डावा कनिष्ठ, ही जुनी समजूत या शब्दांत साठलेली आहे. येथे रंग हा केवळ रंग राहत नाही. त्याची प्रतवारी होते. 'निमगोरी', 'गव्हाळ', 'उजळ', 'सावळी' या शब्दांची मांडणीही एका उतरंडीसारखी आहे. उतरंडीत वरचे मडके कोणते, हे कोणी शिकवत नाही. मूल ते ऐकून शिकते.

(आ) संदर्भाने बदलणारा अर्थ : 'सावळा' हा शब्द पाहा. विठ्ठलाच्या, कृष्णाच्या संदर्भात त्याला प्रेमाची आणि भक्तीची छटा आहे. तोच शब्द मुलीच्या स्थळाविषयी बोलताना आला की आवाज खाली येतो. पंढरीत जो रंग डोळे भरून पाहायचा, तो घरच्या मुलीच्या बाबतीत सांभाळून सांगायचा. शब्दाचा अर्थ कोशात जेवढा असतो, त्याहून अधिक तो प्रसंगात असतो, याचे हे उत्तम उदाहरण होय.

(इ) अर्थापकर्ष : 'अवतार' हा देवाचा, 'ध्यान' हे उपास्य मूर्तीचे रूप. आज मात्र "काय हा अवतार!" आणि "काय ध्यान दिसतंय!" ही वाक्ये बहुधा केस विस्कटलेल्या मुलालाच ऐकावी लागतात. उच्च अर्थाचा शब्द उपहासाने वापरला गेला की त्याचा अर्थ खालावतो, यालाच आपण अर्थापकर्ष म्हटले आहे.

(ई) 'पण' हे उभयान्वयी अव्यय : पुढील वाक्ये वाचा.

१. ती सावळी आहे आणि हुशार आहे.
२. ती सावळी आहे पण हुशार आहे.
३. ती उंच आहे पण हुशार आहे.

तिसरे वाक्य आपल्याला खटकते. उंची आणि हुशारी यांत विरोध नाही, मग 'पण' कशासाठी? दुसरे वाक्य मात्र फारसे खटकत नाही. याचा अर्थ असा की, सावळेपणा हा उणेपणा आहे आणि हुशारीने तो भरून निघतो, हे गृहीतक बोलणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने आधीच मान्य केलेले आहे. वाक्यात न सांगितलेली, परंतु वाक्य समजण्यासाठी मान्य करावी लागणारी अशी जी गोष्ट, तिला भाषाविज्ञानात 'पूर्वगृहीत' म्हणतात. स्तुती म्हणून उच्चारलेले दुसरे वाक्य मुलीला दुखावते, ते या पूर्वगृहीतामुळे. तिने आक्षेप घ्यायचा तरी कशावर? वरवर तर तिचे कौतुकच झालेले असते.

(उ) विशेषणाचे नाम होणे : 'काळा', 'जाडा', 'लंबू', 'बारका' ही माणसाविषयी काही सांगणारी विशेषणे. "ए जाड्या", "ए काळे" अशी हाक मारली की विशेषण नामाची जागा घेते. आता ते माणसाविषयी एक गोष्ट सांगत नाही. त्या एका गोष्टीलाच संपूर्ण माणूस ठरवते.

(ऊ) कर्ता नसलेला निवाडा : "तुला हे शोभत नाही", "चारचौघांत बरं दिसत नाही", "लोक काय म्हणतील?" या वाक्यांत निवाडा करणारा कोण आहे? पहिल्या दोन वाक्यांत तो दिसतच नाही. तिसऱ्या वाक्यातील 'लोक' म्हणजे नेमके कोण, हे सांगता येत नाही. आणि क्रियापद भविष्यकाळी असल्यामुळे ते खोटे ठरण्याची शक्यताही नाही. अनेकदा 'लोक' या शब्दामागे बोलणारा स्वतःच उभा असतो. 'लोक काय म्हणतील' याऐवजी 'मला अवघडल्यासारखे होते' असे म्हणून पाहा. वाक्य अधिक प्रामाणिक होते, आणि मुलाला उत्तर देण्यासाठी समोर एक माणूस मिळतो.

६.५ वर्णन की कृती?

ब्रिटिश तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. बोलणे म्हणजे केवळ माहिती देणे नव्हे. बोलणे ही कृती असते, हा त्यांचा मुख्य सिद्धान्त. प्रत्येक उच्चारणात त्यांनी तीन स्तर पाहिले : जे शब्द उच्चारले ते, त्या शब्दांद्वारे जे केले ते (आज्ञा, विनंती, ताकीद, कौतुक इत्यादी), आणि त्यामुळे ऐकणाऱ्यावर जो परिणाम झाला तो.

"चेहऱ्याला काहीतरी लावत जा गं," हे मावशीचे वाक्य घेऊ. उच्चारलेले शब्द साधे आहेत. त्यांतून केलेली कृती सल्ल्याची आहे. मावशीच्या मनात माया आहे. परंतु परिणाम? आपल्या चेहऱ्यात दुरुस्तीला जागा आहे, हे मुलीला कळते. पुढच्या समूहचित्रात ती मागच्या रांगेत सरकते. "मी तर गमतीने म्हटलं", "तुझ्या भल्यासाठीच सांगते" अशी वाक्ये आपण नंतर उच्चारतो, तेव्हा आपण दुसऱ्या स्तराचा खुलासा करीत असतो. घाव मात्र तिसऱ्या स्तरावर झालेला असतो आणि तो खुलाशाने भरून येत नाही.

क्रियापदाचाही विचार करा. "आज तुझ्या शर्टाला इस्त्री नाही" या वाक्यात एका दिवसाची घटना आहे. ती पाच मिनिटांत बदलता येते. "तू गबाळाच आहेस" या वाक्यात 'आहेस' हे क्रियापद घटनेला स्वभाव बनवते. त्यात बदलण्यासारखे काही उरत नाही. मुलाला टापटीप शिकवण्याचा हेतू असेल, तर पहिले वाक्य उपयोगी आहे, दुसरे नाही.

६.६ निगा आणि निवाडा

येथवर वाचून काही जण म्हणतील, "मग मुलांना काही बोलायचेच नाही का? नखे वाढली, केस धुतले नाहीत, कपडे मळले, तरी गप्प बसायचे?" तसे मुळीच नाही. शरीराची निगा शिकवणे हे पालकांचे कामच आहे. प्रश्न आहे तो निगा आणि निवाडा यांत फरक करण्याचा.

दिवाळीतील अभ्यंगस्नान आठवा. पहाटे घरातील सर्वांना उटणे लावले जाते. आजोबांना, मुलाला, मुलीला, गोऱ्याला, सावळ्याला. कोणाच्याही रंगाचा विचार न करता. त्यात ऊब असते, सुगंध असतो, आईचा हात असतो. आता तेच हळद आणि डाळीचे पीठ, 'पाहुणे बघायला येणार आहेत' म्हणून घरातील एकाच मुलीच्या चेहऱ्याला आठवडाभर लावले जाते, तेव्हा त्याचा अर्थ पूर्णपणे बदलतो. पदार्थ तेच असतात. पहिल्या वेळी ती निगा असते. दुसऱ्या वेळी तो निवाडा असतो.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील एक प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे. आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून लहानगा श्याम हट्ट धरतो आणि आई आपल्या लुगड्याचे ओचे पसरून त्यावर त्याला पाय टिपू देते. नंतर, जसे पायांना जपतोस तसे मनालाही जप, या आशयाची शिकवण ती त्याला देते. या प्रसंगातील उपदेश आपल्या लक्षात राहतो. त्याचा क्रम मात्र आपण विसरतो. आईने आधी मुलाच्या हट्टाची खिल्ली उडवली नाही. तिने आधी ओचे पसरले; शिकवण नंतर आली.

याउलट, "दिसण्यात काय आहे? मन सुंदर हवे," असे म्हणून विषय मिटवणेही पुरेसे नाही. मुले भोवतालचे व्यवहार पाहत असतात. मोठ्या भावाच्या लग्नासाठी आलेल्या मुलींची छायाचित्रे घरातील मोठी माणसे कशी न्याहाळतात आणि काय बोलतात, हे त्यांनी ऐकलेले असते. समाज रूपावरून माणसांना तोलतो हे मान्य करणे आणि आपण या घरात तसे तोलणार नाही असे सांगणे, हे दोन्ही एकत्र करावे लागते.

६.७ घरातील संवाद : काही प्रसंग

प्रसंग पहिला. आठवीतील मुलगी म्हणते, "मला ओठांवरचे केस काढायचे आहेत. वर्गातली मुले मिशी म्हणून चिडवतात." येथे "इतक्या लहान वयात हे थेर कशाला?" हे वाक्य संवाद संपवते. 'थेर', 'नखरे', 'नट्टापट्टा' हे शब्द तिच्या दुःखाला चैन ठरवतात. "कोण चिडवतं? कधीपासून?" असे विचारून सुरुवात करता येईल. केस काढणे हे पाप नाही आणि न काढणे हा गलिच्छपणाही नाही. निर्णयासाठी घाई नाही, हे तिला कळावे. वस्तऱ्याने काढलेले केस अधिक दाट येतात हा समज चुकीचा आहे; कापलेले टोक बोथट असल्याने ते केवळ राठ लागतात. मात्र हनुवटीवर जाड केस वेगाने वाढत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. हा आरोग्याचा प्रश्न असू शकतो. आणि चिडवणाऱ्या मुलांविषयी शिक्षकांशी बोलणे हे मोठ्यांचे काम आहे. चिडवणे थांबवण्याची जबाबदारी चिडवल्या जाणाऱ्या मुलीच्या ओठांवर टाकू नये.

प्रसंग दुसरा. दहावीतील मुलगा केस वाढवतो, कडेने बारीक कापून घेतो, तासभर आरशासमोर उभा राहतो. वडील म्हणतात, "हे काय बायकी वागणं?" या एका शब्दाने दोन गोष्टी घडतात : मुलाचा अपमान होतो आणि बाई असणे हा उणेपणा आहे, हे शेजारी अभ्यास करणाऱ्या बहिणीलाही समजते. शाळेचा नियम असेल तर "शाळेचा नियम असा आहे, सुटीत हवे तसे ठेव," एवढे म्हणणे पुरेसे आहे. नियमाला नियम म्हणावे. त्याला मुलाच्या चारित्र्याशी जोडू नये.

प्रसंग तिसरा. मुलीच्या कपाटात औषधाच्या दुकानातून आणलेली मलमाची नळी सापडते. गोरे होण्यासाठी म्हणून विकली जाणारी किंवा मैत्रिणीने सुचवलेली काही मलमे स्टिरॉइडयुक्त असतात. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल होते, मुरमे आणि केस वाढतात, आणि मलम थांबवले की त्रास उफाळतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकावयाच्या औषधांच्या यादीत आणली. येथे ओरडण्याने नळी फक्त कपाटातून दप्तरात जाईल. "तुला हे लावावंसं का वाटलं?" हा प्रश्न आधी, आणि त्वचारोगतज्ज्ञांची भेट त्याबरोबरच. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलाने कोणाच्या सांगण्यावरून सुरू केलेल्या भुकट्या आणि गोळ्यांनाही हेच लागू आहे.

प्रसंग चौथा. मूल जेवण टाळू लागते, खाल्लेले ओकून काढते, दिसण्याच्या भीतीने शाळेत जात नाही किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलते. येथे घरातील चांगली भाषा पुरेशी नाही. विलंब न करता डॉक्टर किंवा समुपदेशक यांची मदत घ्यावी. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध आहे.

आणि पाहुणे? मुलासमोर कोणी त्याच्या रूपावर बोलले, तर पालकांचे मौन मुलाला संमतीसारखे ऐकू येते. भांडण करण्याची गरज नसते. "आत्या, तिच्या दिसण्यावर आपण नको बोलूया, तिने काढलेली चित्रं बघा," असे हसून म्हणता येते. वडीलधाऱ्यांचा मान राखूनही मुलाची बाजू घेता येते, आणि ती मुलाच्या देखत घेणे महत्त्वाचे असते.

६.८ समारोप

किशोरवयात शरीर बदलते, दुसऱ्यांच्या नजरेची जाणीव तीव्र होते आणि समाज त्या नजरेला मापे पुरवतो. ही मापे भाषेत मुरलेली असतात : डाव्या-उजव्यात, 'पण' या अव्ययात, हाकेत, कर्ता नसलेल्या वाक्यांत. पालक समाजाचा दाब संपवू शकत नाहीत. मात्र तो दाब घरात वाहून आणणारे आपण होऊ नये, एवढे त्यांच्या हाती असते. निगा शिकवावी, निवाडा टाळावा, आणि चुकून झालाच तर तो मागे घ्यावा.

मागे घेता येतो का? प्रारंभी उल्लेख केलेल्या विद्यार्थिनी पुढील सत्राला आल्या तेव्हा त्यांनी सांगितले की, त्यांनी मुलीला विचारले, "मग मी तुला काय म्हणू?" मुलगी म्हणाली, "माझ्या नावानं हाक मार." पंधरा दिवस झाले तरी जुनी हाक तोंडात येत होती, मग त्या अर्ध्यावर थांबत आणि नाव घेत. मुलगी लग्नाला गेली नाहीच. पण आई अर्ध्यावर थांबली की ती आता हसते, असे त्या म्हणाल्या.

आपली प्रगती तपासा

१. 'पूर्वगृहीत' म्हणजे काय, ते 'पण' या अव्ययाच्या आधारे स्पष्ट करा.
२. 'अवतार' आणि 'ध्यान' या शब्दांचा अर्थापकर्ष सोदाहरण सांगा. असे आणखी दोन शब्द शोधा.
३. "तू गबाळाच आहेस" आणि "आज तुझ्या शर्टाला इस्त्री नाही" या वाक्यांतील फरक भाषिक कृतीच्या दृष्टीने विशद करा.
४. निगा आणि निवाडा यांतील भेद आपल्या अनुभवातील एका उदाहरणाने लिहा.

उपक्रम

आपल्या घरात आठ दिवसांत कोणाच्याही दिसण्याविषयी उच्चारलेली वाक्ये वहीत जशीच्या तशी टिपा. स्वतःची वाक्येही वगळू नका. प्रत्येक वाक्याखाली तीन गोष्टी लिहा : बोलणाऱ्याचा हेतू, वाक्यातील पूर्वगृहीत आणि ऐकणाऱ्यावर झालेला परिणाम. परिणामाचा रकाना अंदाजाने भरू नका. ज्याला ते वाक्य ऐकावे लागले, त्याला विचारून भरा.